आंब्याच्या सीझनला फोन उचलायला माणूस नसेल तर: फोन मेनू आणि व्हॉइसमेल कसा लावायचा

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे आणि कुणकेश्वरच्या बाजूला चार खोल्यांचा होमस्टे. एप्रिल आला की सकाळी सहाला घरातली सगळी माणसं बागेत, नवरा झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी) घेऊन झाडाखाली, मी आणि जाऊ खळ्यात पेट्या भरतोय आणि फोन घरात टेबलावर वाजतोय. कातळावर रेंज येते-जाते त्यामुळे फोन सोबत नेला तरी उपयोग नाही. संध्याकाळी बघावं तर पन्नास-साठ मिसकॉल आणि त्यात आंबेवाला कोण, खोलीवाला कोण आणि बँकेचं कर्ज विकणारा कोण काही कळायचं नाही. शेवटी आम्ही फोन मेनू लावला, म्हणजे तेच ते "यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा", आणि कोणी उचललं नाही की कॉल व्हॉइसमेलला जातो, म्हणजे बीप वाजल्यावर बोलून निरोप ठेवता येतो. या मेनूला आयव्हीआर म्हणतात. तो लावताना आम्ही जिथे जिथे अडकलो ते सगळं खाली लिहितेय. दोन-तीन गोष्टी आधीच कोणी सांगितल्या असत्या तर आमचा अख्खा महिना वाचला असता.

१. आधी आठवडाभर वही लिहा

कुठल्याही कंपनीला फोन करायच्या आधी एक वही घ्या आणि सात दिवस प्रत्येक कॉल कशासाठी आला ते लिहा. आमच्या वहीत चारच गोष्टी निघाल्या. पेटीचा भाव आणि ऑर्डर, पाठवलेली पेटी कुठपर्यंत पोचली, खोलीचं बुकिंग, आणि आज मुक्कामाला येणारे लोक रस्ता विचारतायत. बाकी सगळा किरकोळ माल. तुमचा मेनू या वहीतूनच निघतो, दुसऱ्याच्या हॉटेलचा मेनू ऐकून कॉपी करू नका.

वही भरली की प्रत्येक प्रकारापुढे एक गोष्ट लिहा: हा माणूस संध्याकाळपर्यंत थांबू शकतो की नाही? पेटी मागवणारा थांबतो, बुकिंगवाला बहुतेक वेळा थांबतो, पण रस्त्यात अडकलेला पाहुणा थांबू शकत नाही.

हे मी का सांगतेय ते ऐका. पहिल्या महिन्यात आम्ही सगळेच पर्याय व्हॉइसमेलला जोडले होते. एक कुटुंब कोल्हापूरकडून फोंडा घाट उतरून रात्री साडेनऊला नांदगाव तिठ्यावर आलं, मॅप चालेना म्हणून त्यांनी फोन केला, मेनू ऐकला, दोन दाबलं आणि बीप वाजली. त्या बाईंचा मेसेज मी सकाळी ऐकला. "आम्ही तिठ्यावर उभे आहोत, आजी सोबत आहेत, प्लीज कोणीतरी फोन करा." मागे आजींचं खोकणं ऐकू येत होतं. ते लोक कणकवलीला लॉजवर झोपले आणि आमच्याकडे आलेच नाहीत. मी फोन करून माफी मागितली, पण ती रात्र त्यांची गेली ती गेलीच. त्या दिवसापासून "आज येताय, रस्ता विचारायचाय" हा पर्याय सरळ माणसाच्या फोनवर जातो, एकाने नाही उचलला तर दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. व्हॉइसमेल त्याला लावलेलाच नाही.

२. कुठली पद्धत घ्यायची

तीन रस्ते आहेत. मोठं हॉटेल असेल, लँडलाइन असेल, खोल्याखोल्यात इंटरकॉम असेल तर ईपीएबीएक्सची (सगळे इंटरकॉम आणि बाहेरची लाइन जोडणारी) पेटी असते, त्यातच मेनू आणि व्हॉइसमेलची सोय मिळते, तुमच्या इंटरकॉमवाल्यालाच विचारा. दुसरा म्हणजे स्वतःचा कॉम्प्युटर ठेवून अ‍ॅस्टरिस्कसारखं मोफत सॉफ्टवेअर चालवायचं. जमतं, पण त्याला परवानाधारक टेलिकॉम कंपनीकडून एसआयपी लाइन (इंटरनेटवरून चालणारी फोन लाइन) लागते आणि वीज आणि नेट चोवीस तास लागतं, जे आपल्याकडे पावसात कोण देणार? तिसरा क्लाउड टेलिफोनी. एक्झोटेल, मायऑपरेटर, ओझोनटेल अशा कंपन्या एक व्हर्च्युअल नंबर (ज्याला सिम किंवा फोन लागत नाही असा) देतात आणि मेनू त्यांच्या सर्व्हरवर चालतो.

आम्ही तिसरा घेतला आणि लहान धंद्याला मी हाच सांगेन. कारण साधं आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा इकडे कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती आणि टॉवर बंद होते. तेव्हा आमच्याकडे मेनू नव्हता आणि फोन करणाऱ्याला नुसतं "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकू यायचं. मेनू दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर असला की गावात अंधार असला तरी ग्राहकाला निदान आवाज ऐकू येतो आणि त्याचा निरोप साठून राहतो.

एका कंपनीवर थांबू नका, दोन-तीन ठिकाणी डेमो मागा. ट्रायलमध्ये स्वतः मराठी मेसेज टाकून बघा आणि वर्षभराचे पैसे लगेच भरू नका. सपोर्टला मराठी नाहीतर निदान हिंदी बोलणारा माणूस आहे का तेही आधीच विचारा.

३. कागदपत्रं

नंबर मिळायला केवायसी लागतंच. कंपनीप्रमाणे यादी थोडी बदलते, पण एकट्या मालकाच्या धंद्याला साधारण एवढं तयार ठेवा:

मालकाचं पॅन कार्ड
आधार, शक्यतो मास्क्ड आधार, ज्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात
उद्यम नोंदणीचं (सरकारकडची लहान धंद्याची नोंदणी) सर्टिफिकेट किंवा गुमास्ता (दुकानाचा परवाना)
जीएसटी असेल तर त्याचं सर्टिफिकेट
पत्त्याचा पुरावा
मालकाचा फोटो आणि सही, काही ठिकाणी कॅन्सल चेक

पत्त्याच्या पुराव्यात कोकणातला माणूस हमखास अडकतो. आमचं घर सामाईक, लाइट बिल अजून आजेसासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी तेच बिल जोडलं आणि अर्ज परत आला. मग नवऱ्याच्या नावाचं बँकेचं स्टेटमेंट जोडलं, तेही परत, कारण उद्यमवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त होतं. उद्यममध्ये ऑनलाइन दुरुस्ती केली तेव्हा कुठे काम झालं. म्हणून आधी पॅन, आधार, उद्यम आणि बँक ही चारही समोर ठेवून नाव अक्षर न अक्षर जुळतंय का बघा, मगच अपलोड करा. घरपट्टीची पावती तुमच्या नावावर असेल तर तीही काढून ठेवा.

आणि केवायसीच्या नावाखाली कोणी फोन करून ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, कंपनीचं नाव घेतलं तरी नाही.

४. नवा नंबर द्यायचा की जुनाच फिरवायचा

आमचा जुना मोबाईल नंबर पेटीवर छापलेला, लोकांच्या डायरीत लिहिलेला, तो बदलणं शक्यच नव्हतं. तुमचंही तसंच असेल तर जुना नंबर चालू ठेवून त्यावर कॉल फॉरवर्डिंग लावा. फोनच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंगखाली चार पर्याय दिसतात: नेहमी, बिझी असताना, उत्तर न दिल्यास आणि फोन लागत नसताना. आम्ही पहिला सोडून बाकी तीन लावले. म्हणजे हाताशी असेल तर आम्ही स्वतः उचलतो, नाहीतर कॉल मेनूकडे जातो. दोन सिम असतील तर कुठल्या सिमचं सेटिंग करताय ते नीट बघा. फॉरवर्ड झालेला कॉल तुमच्या सिमवरून बाहेर गेलेला धरला जातो, तेव्हा सिमवर रिचार्ज असू द्या.

आता इथले धोके, हा भाग घाईत वाचू नका.

पहिला म्हणजे गोल फिरणारा कॉल. जुना मोबाईल उचलला नाही की कॉल मेनूकडे जातो, आणि मेनूत "एक दाबलं की याच मोबाईलवर रिंग" असं लावलं असेल तर तो परत तिथेच येतो, परत कोणी उचलत नाही, परत मेनू. ग्राहक बिचारा गरागरा फिरत बसतो. मेनूने ज्या फोनवर कॉल द्यायचा ते सिम वेगळंच हवं आणि त्यावर फॉरवर्डिंग बंद हवं.

दुसरा, ज्या फोनवर मेनू कॉल देतो त्या सिमला मोबाईल कंपनीचा स्वतःचा व्हॉइसमेल चालू असेल तर मेनूला वाटतं माणसाने उचलला. निरोप तिकडे जातो आणि तुम्हाला पत्ताच नाही. तो बंद करून घ्या.

तिसरा, फसवणूक. स्टार ४०१ हॅश (*401#) हा फॉरवर्डिंगचा कोड वापरून लोकांचे कॉल चोर आपल्या नंबरवर वळवून घ्यायचे, म्हणून दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड डायल करून होणारं फॉरवर्डिंग थांबवायला मोबाईल कंपन्यांना सांगितलं. कोणी फोनवर "अमुक कोड दाबा" म्हणालं तर दाबायचा नाही. फॉरवर्डिंग फक्त आपल्या हाताने, सेटिंगमधून.

आणखी एक, व्हर्च्युअल नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस काढायचं असेल तर ते मेनू लावायच्या आधी काढा. व्हॉट्सअ‍ॅपचा पडताळणीचा कोड सांगायला येणारा कॉल मशीनचा असतो, त्याला काही "एक दाबा" जमत नाही. तसंच व्हॉट्सअ‍ॅपवरून येणारे कॉल मेनूत येतच नाहीत, त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधला अवे मेसेज (आपण नसताना आपोआप जाणारा मेसेज) लिहून ठेवावा लागतो.

५. मेनू कागदावर लिहा

स्क्रीनवर चौकोन ओढत बसू नका, आधी कागदावर लिहा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या सासऱ्यांनी पहिला मेनू ऐकला आणि म्हणाले, "माणूस फोन करता आणि मशीन बोलता, ह्या बरा दिसता काय?" त्यांचं खरं होतं, पहिल्या मेनूत अर्धा मिनिट नुसतं स्वागतच चाललं होतं. आता आमचा एवढाच आहे:

"नमस्कार, देवगडहून बोलतोय. आज आमच्याकडे मुक्कामाला येताय आणि रस्ता विचारायचाय तर १ दाबा. आंब्याच्या पेटीसाठी २ दाबा. खोलीच्या बुकिंगसाठी ३ दाबा. परत ऐकायला ९ दाबा."

सगळ्यात घाईतला माणूस पहिल्या नंबरवर. काम आधी आणि आकडा मागून, कारण आपण तसंच बोलतो आणि ऐकणाऱ्यालाही आपलं काम ऐकल्यावरच आकडा लक्षात ठेवायचा असतो. चारच्या वर पर्याय नकोत. मेनूच्या पोटात मेनू तर अजिबात नको. आम्ही २ च्या आत "चार डझन, पाच डझन, सहा डझन" केलं होतं आणि लोक तिथेच फोन ठेवून द्यायचे.

आकडा दाबायला वेळ किती द्यायचा याचं एक सेटिंग असतं, आमच्याकडे ते आधीपासून ५ सेकंद होतं. कमी आहे. स्मार्टफोनवाल्याला फोन कानावरून काढायचा, स्क्रीन उजळायची, कीपॅड उघडायचा, चष्मा लावायचा, मग दाबायचं. आम्ही १० सेकंद ठेवलं. काहीच दाबलं नाही तर मेनू एकदा परत वाजतो आणि नंतर कॉल कट न होता व्हॉइसमेलला जातो. चुकीचा आकडा दाबला तरी तसंच.

मुंबई-पुण्याकडचे ग्राहक मराठी बोलतात, पण गोवा-बेळगावकडून पाहुणे येत असतील तर हिंदीचा एक पर्याय शेवटी ठेवा. भाषा निवडायचा प्रश्न सुरुवातीलाच टाकला की आपल्याच माणसाचे दहा सेकंद फुकट जातात.

६. आवाज रेकॉर्ड करणं

आमचा मेसेज सासूबाईंनी बोललाय. कॉम्प्युटरचा मराठी आवाज लावून बघितला होता, पण तो कुणकेश्वर नीट म्हणेना. आणि खरं सांगू, लोकांना आईंचा आवाज आवडतो, दोन-तीन जणांनी बुकिंग करताना विचारलं की त्या काकू भेटतील ना.

रेकॉर्डिंग रात्री करा, फ्रिज आणि पंखा बंद करून, आणि भिंतीला लावलेल्या गोधड्यांच्या चळतीकडे तोंड करून, घुमत नाही. जूनमध्ये करणार असाल तर पत्र्याच्या पडवीत बसू नका. फोन तोंडापासून वीतभर लांब. टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो, त्यामुळे खूप खालच्या आवाजात बोललं की पुटपुटल्यासारखं येतं, जरा वरच्या पट्टीत, सावकाश बोला. फाइल वेव्ह, मोनो, ८ किलोहर्ट्झ अशी मागतात, मोफत कन्व्हर्टर मिळतात. मागे सिनेमाचं गाणं लावू नका. हक्काचा प्रश्न येतो, आणि फोनवर त्याची नुसती खरखर होते.

७. व्हॉइसमेलचा निरोप

आपल्याकडे व्हॉइसमेलची सवय कोणाला नाही. पहिल्या आठवड्यातले मेसेज ऐकले तर बहुतेक असेच: "हॅलो... हॅलो... अरे कोण बोलतच नाय," आणि कट. चूक आमची होती, आम्ही नुसतं "कृपया आपला संदेश ठेवा" म्हटलं होतं. आता आई म्हणतात:

"आत्ता आम्ही बागेत आहोत, फोनजवळ माणूस नाही. बीप वाजली की तुमचं नाव, गाव आणि काय हवंय ते सांगा. तुमचं बोलणं रेकॉर्ड होईल, आम्ही स्वतः ऐकू आणि आज संध्याकाळी ८ च्या आत फोन करू. बोलून झालं की फोन ठेवा."

यातला एक शब्द गाळू नका. माणूस नाही हे सांगितलं की लोक उत्तराची वाट बघत बसत नाहीत. नाव-गाव विचारलं की ते बोलायला लागतात. वेळ सांगितली की दुसऱ्या आंबेवाल्याला फोन लावायच्या आधी थांबतात. नंबर विचारायची गरज नाही, तो आपोआप येतो. आणि रेकॉर्ड होणार हे आधी सांगणं आपलं कामच आहे, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही लोकांना विचारून-सांगून माहिती घ्यायला सांगतो.

सेटिंगमध्ये रिंग २० ते २५ सेकंद, मेसेजची लांबी ९० सेकंद ठेवा. तीस सेकंद ठेवलं तर माणूस गावाचं नाव सांगेपर्यंत कट होतो.

८. मेसेज कोण ऐकणार

हे ठरलं नसेल तर मेनू लावूच नका, त्यापेक्षा मिसकॉल बरा. मिसकॉलवाल्याला निदान माहीत असतं की आपलं कोणी ऐकलं नाही, मेसेज ठेवलेला माणूस मात्र वाट बघत बसतो.

आमच्याकडे मेसेज ऐकायचं काम माझं एकटीचं. आधी तो चौघांच्या ईमेलवर जायचा आणि प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्याने फोन केला असेल. आता दुपारी जेवणानंतर एकदा आणि संध्याकाळी साडेसहाला एकदा मी वही घेऊन बसते: नाव, गाव, नंबर, काय हवं, फोन केला का. मी आजारी असेन तर जाऊबाई बसते, हेही ठरलेलं आहे. मेनू ऐकून मेसेज न ठेवता ज्यांनी फोन ठेवला त्यांचे नंबर रिपोर्टमध्ये मिळतात, त्यांनाही फोन करा, आमच्या कितीतरी ऑर्डरी तिथूनच निघाल्या. परत फोन वेगळ्या नंबरवरून जात असेल तर आधी मेसेज टाका, नाहीतर अनोळखी नंबर म्हणून उचलत नाहीत.

रेकॉर्डिंग कंपनीकडे कायम राहत नाही, किती दिवस ठेवतात ते विचारून महत्त्वाचं उतरवून घ्या.

९. चालू करायच्या आधी तपासा

वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवरून, एका बटणाच्या फोनवरून आणि मिळाली तर लँडलाइनवरून फोन करा. प्रत्येक आकडा दाबा, मग काहीच न दाबता बघा, मग चुकीचा दाबा. मेनू बोलत असतानाच आकडा दाबला तर घेतो का? ज्याने उचलायचा त्याचा फोन बंद करून बघा. आणि जुन्या नंबरवरून फिरून आलेल्या कॉलमध्ये ग्राहकाचा नंबर दिसतोय की तुमचाच, हे नक्की बघा, आमच्या वहीत पहिल्या दिवशी सगळीकडे आमचाच नंबर होता. कंपनीला सांगितल्यावर त्यांनी ते दुरुस्त करून दिलं.

१०. बिल आणि नियम थोडक्यात

बिलात महिन्याचं भाडं, मिनिटाचा दर आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. मेनूतून तुमच्या मोबाईलवर जोडलेल्या कॉलचे मिनिट वेगळे मोजतात का ते आधीच विचारा. १८०० चा टोल फ्री नंबर घेतलात तर ग्राहकाच्या कॉलचाही खर्च तुमच्यावर. चार खोल्यांच्या धंद्याला त्याची गरज नाही.

मेसेज ठेवलेल्याला परत फोन करणं ठीक, पण त्याच नंबरांवर पुढच्या वर्षी "हापूस आला" असे रेकॉर्डेड जाहिरातीचे कॉल सोडायचे नाहीत. त्याला ट्रायचे (टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ चे नियम आहेत, नोंदणी लागते.

११. सीझनप्रमाणे मेनू बदला

वर्षातून चार वेळा आम्ही मेसेज बदलतो. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या यात्रेआधी खोल्या भरल्या की तसं सांगतो. मार्चअखेर आंबा पुढे येतो. जूनमध्ये आंबा संपला की २ चा पर्याय काढून टाकतो, नाहीतर लोक ऑगस्टमध्येही पेटी मागत राहतात. आणि गणपतीत पाच दिवस फोन कोणीच घेत नाही, तेव्हा सुट्टीचा मेसेज. मेनूतल्या सुट्टीच्या कॅलेंडरमध्ये "दरवर्षी याच तारखेला" अशी खूण असते, ती गणपतीला लावू नका. चतुर्थी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, आम्ही खूण करून बसलो आणि पुढच्या वर्षी भर धंद्याच्या दिवसांत "गणपतीची सुट्टी आहे" वाजत होतं. आता नवीन कालनिर्णय भिंतीवर लावला की त्याच दिवशी मी तारखा भरून टाकते.